काठावरच्या माणसाचा चेहरा

“भाऊ, माह्यं तोंड असं काऊन आलं हो?”

शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या एका मावशींनी मला हे विचारलं. शाळा आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातली. दहावीच्या निरोप समारंभासाठी संस्थेनं मोठ्या शहरातून फोटोग्राफर बोलावला होता. त्याच्याकडे मीडियम फॉरमॅटचा डिजिटल कॅमेरा होता आणि त्यावर मिळेल तेवढी रुंद लेन्स. साडेचार फुटांचा ग्रुप फोटो फ्रेम करून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लावला गेला. मधे खुर्च्यांवर अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक. त्यांचे चेहरे रेखीव, सदऱ्याची बटणं मोजता येतील असे. डाव्या टोकाला मावशी, उजव्या टोकाला शिपाई. मावशींचा चेहरा आडवा पसरलेला, एक गाल कानाकडे ओढलेला, खांदा फ्रेमबाहेर वाहून चाललेला. शिपायाचं डोकं भोपळ्यासारखं. मावशींना वाटत होतं की फोटोच्या वेळी आपण हललो असू, वाकडं उभं राहिलो असू. दोन महिने त्या त्या फोटोसमोरून मान खाली घालून जात होत्या.

मावशी, तुमचं काहीही चुकलं नाही. चूक ती लेन्स निवडणाऱ्याची आहे आणि ती त्यानं लाखात पैसे मोजून, मिरवत केलेली आहे. मी हे लिहायला बसलो ते त्या चुकीविरुद्ध.

मी फोटोग्राफर आहे. बाबांचा स्टुडिओ उमरखेडलाच होता. त्यांच्याकडे यशिका मॅट होता, दोन डोळ्यांचा, वरून वाकून बघायचा. महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांतल्या स्टुडिओंनी चाळीस-पन्नास वर्षं याच जातीच्या कॅमेऱ्यावर लग्नं, मुंजी, शाळा आणि मयतीसुद्धा काढल्या. १२० चा रोल, त्यात बारा फोटो, प्रत्येक फोटो सहा बाय सहा सेंटिमीटरचा. लेन्स एकच, ८० मिलिमीटरची, कॅमेऱ्याला कायमची बसवलेली. ती काढून दुसरी लावायची सोयच नव्हती. शाळेचा ग्रुप फोटो असला की बाबा आधी मैदान चालून यायचे. मुलं किती, ओळी किती, ओळ किती लांब, आणि मागे सरकायला कुंपणापर्यंत जागा किती, हे सगळं पावलांनी मोजायचे. जागा कमी पडली तर एका ओळीच्या दोन करायचे. कॅमेरा बदलता येत नव्हता, म्हणून ते स्वतः हलायचे. त्या फोटोंत काठावरचा शिपाईसुद्धा अध्यक्षांइतकाच सरळ आणि अखंड उभा आहे. ते फोटो आजही शाळांच्या भिंतींवर आहेत, जाऊन बघा.

आज मीडियम फॉरमॅट परत आलं आहे, डिजिटल होऊन. पेंटॅक्स ६४५डी २०१० मध्ये आला, हॅसलब्लॅडचा एक्स१डी २०१६ मध्ये जाहीर झाला, फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस २०१७ मध्ये बाजारात आला. माझ्याकडे हाच शेवटचा आहे, वापरलेला घेतलेला. या सगळ्यांचा सेन्सर साधारण ४४ बाय ३३ मिलिमीटरचा. दुकानदार ‘मीडियम फॉरमॅट’ म्हणताना छाती फुगवतात, म्हणून हिशोब आधीच सांगून ठेवतो. बाबांच्या सहा बाय सहाच्या चौकटीचं खरं माप ५६ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे ३,१३६ चौरस मिलिमीटर. या सेन्सरचं क्षेत्रफळ १,४४१. निम्म्याहूनही कमी. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या, म्हणजे ज्याला आज ‘फुल फ्रेम’ म्हणतात तिच्या, मात्र हा पावणेदोन पटींच्या जवळ जातो. मोठा आहे, उत्तम आहे, पण बाबांच्या रोलपेक्षा लहानच आहे. हे समजून न घेता जो लेन्स घ्यायला निघतो, तो पहिल्याच पायरीवर फसतो. सहा बाय सहासाठी बनलेली जुनी ५० ची वाइड लेन्स स्वस्तात मिळते म्हणून कितीतरी जण अॅडॉप्टर लावून ती या कॅमेऱ्यावर चढवतात, आणि मग ही वाइड का दिसत नाही म्हणून डोकं धरून बसतात. चौकटच लहान झाली, तर तीच लेन्स तेवढी रुंद कशी दिसेल?

सगळ्यात मोठा घोळ ‘इक्विव्हॅलंट’ या शब्दानं घातला आहे. लेन्सच्या मिलिमीटरचा प्रत्येक आकडा ०.७९ ने गुणायचा आणि ३५ मिलिमीटरच्या भाषेत बोलायचं: २३ म्हणजे १८, ३० म्हणजे २४, ४५ म्हणजे ३६. पाच-सात लाखांचा कॅमेरा हातात असताना माणूस अजून दुसऱ्याच कॅमेऱ्याच्या मापानं विचार करतो. समोरच्या भिंतीपासून आपण किती फुटांवर आहोत, हे त्याला सांगता येत नाही. मला विचाराल तर एकच हिशोब पाठ करा. जेवढ्या फुटांवर उभे आहात तो आकडा ४४ ने गुणा आणि लेन्सच्या आकड्यानं भागा. फ्रेममध्ये तेवढे फूट रुंदी येते. दहा फुटांवरून ४५ ची लेन्स पावणेदहा फूट दाखवते, ३० ची साडेचौदाहून थोडं जास्त, २३ ची एकोणीस. हा हिशोब पाचवीतल्या पोराला येतो. तो ज्याला नको असतो, त्यालाच दुकानदार गाठतो.

मलाही गाठलं होतं. एका मोठ्या शहरातलं मोठं दुकान. नाव घेत नाही. मी वाइड लेन्स बघायला गेलो होतो. मी कुठले फोटो काढतो, कुठे उभा राहतो, पुढ्यात माणसं असतात की इमारती, यातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. काउंटरवरचा माणूस म्हणाला, “दादा, घ्यायचीच तर सगळ्यात वाइड घ्या. नंतर क्रॉप करता येतं.” मी म्हणालो, माझा कॅमेरा सोबत आहे, एकदा लावून बघतो. तर म्हणे, डबा फोडला की घ्यावीच लागेल. लाखात किंमत असलेली वस्तू न बघता घ्यायची! आपल्याकडे हळदीचं पोतंसुद्धा कुणी न उघडता घेत नाही. व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड मोडून बघतो, रंग बघतो, मग भाव बोलतो. फोटोग्राफरनं मात्र डब्यावरचा आकडा वाचायचा आणि कार्ड पुढे करायचं. मी रिकाम्या हातानं परत आलो. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या मुलानं ती लेन्स हप्त्यावर घेतली. कुणी विचारलं नाही त्यालाही.

‘नंतर क्रॉप करता येतं’ हे वाक्य आता घराघरांत पोचलं आहे, म्हणून त्याचं पितळ उघडं पाडतो. २३ नं काढलेल्या फोटोतून ४५ एवढी चौकट कापली तर सव्वीस टक्के चित्र उरतं. एकावन्न मेगापिक्सेलचे तेरा होतात. मोठ्या सेन्सरसाठी कर्ज काढायचं, आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग कात्रीनं फेकून द्यायचा! शिवाय कापण्यासाठी आधी लांब उभं राहावं लागतं. २३ घेतलेला माणूस लांब राहत नाही. त्यानं ती घेतली तीच मुळी मागे सरकायचा त्रास वाचावा म्हणून. तो पुढे येतो, आणि पुढे आलं की जे घडतं ते कुठल्याही कात्रीनं निघत नाही.

काय घडतं ते नीट सांगतो, कारण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. वाइड लेन्स सरळ रेषा सरळ ठेवते. भिंत, बाक, दाराची चौकट वाकत नाही. त्यासाठी तिला काठाकडचं चित्र ताणावं लागतं. सपाट भिंतीवर ते ताणणं दिसत नाही. पण माणसाचं डोकं गोल असतं. चौकटीच्या मधोमध असलेलं डोकं गोल राहतं, काठावरचं लांबट होतं. २३ च्या लेन्सवर आडव्या फोटोच्या अगदी काठावर गोल वस्तू सुमारे अडतीस टक्के जास्त रुंद येते. ३० वर चोवीस टक्के, ४५ वर अकरा. हा लेन्सचा दोष नव्हे. फुजीची २३ ची लेन्स काटेकोर बनलेली आहे. ही भूमिती आहे आणि ती कुणाच्याही लेन्सला चुकत नाही. दोष आहे तो काठावर माणूस उभा आहे हे दिसत असूनही ती लेन्स लावणाऱ्याचा.

आणि काठावर कोण उभं असतं? उमरखेडपासून मुंबईपर्यंत कुठल्याही ग्रुप फोटोत बघा. मधे खुर्च्यांवर पाहुणे. त्यांच्या शेजारी शिक्षक. मागे हुशार मुलं, मग बाकीची. सगळ्यात टोकाला उशिरा आलेलं पोर, जुना गणवेश घातलेली मुलगी, शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी. वाइड लेन्स ज्याला सगळ्यात कमी मान, त्याचंच तोंड वाकडं करते, आणि ज्याला आधीच मान आहे त्याला रेखीव ठेवते. संस्थेच्या अध्यक्षांची खुर्ची एकदा टोकाला ठेवून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्या फोटोग्राफरला शाळेच्या फाटकातून आत घेणार नाहीत. शिपायाचं डोकं भोपळ्यासारखं आलं तर वर्षभर भिंतीवर चालतं. मला चीड येते ती या चालण्याची.

आमच्या धंद्यातले लोक यावर दोन उपाय सांगतात आणि दोन्ही खोटे आहेत. पहिला: ओळी कमानीसारख्या वाकवा, म्हणजे सगळे सारख्या अंतरावर येतील. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या लेन्सपुढे हे उलटं पडतं. सरळ ओळीत काठावरचं डोकं नुसतं रुंद होतं. कमान केली की काठावरची माणसं कॅमेऱ्याच्या बाजूला पुढे येतात, म्हणजे रुंदीही वाढते आणि उंचीही. मधले साहेब बारीक, टोकाची पोरं मोठी आणि फुगीर. दुसरा उपाय: सॉफ्टवेअर. काठावरची डोकी पुन्हा गोल करणारी सॉफ्टवेअर आहेत हे खरं. पण ती डोकी गोल करतात तेव्हा मागची भिंत आणि पुढचा बाक वाकवतात. एक सरळ केलं की दुसरं वाकतं. शाळेची भिंत वाकलेली चालेल असं ज्याला वाटतं, त्यानं इतका महागडा कॅमेरा घेतला कशाला?

खरा उपाय फुकट आहे, आणि बाबांना तो येत होता: मागे सरका. चार ओळी, एकशेवीस मुलं, एका ओळीत तीस. माणशी दीड फूट धरला तर ओळ पंचेचाळीस फुटांची. थोडी मोकळी जागा ठेवून फ्रेम अठ्ठेचाळीस फुटांची. २३ ची लेन्स लावली तर पंचवीस फुटांवर उभं राहायचं, ३० ला तेहेतीस, ४५ ला एकोणपन्नास. आता मागची ओळ पुढच्या ओळीपासून सहा फूट मागे असते. पंचवीस फुटांवरून मागच्या मुलांची डोकी पुढच्यांपेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं लहान येतात. एकोणपन्नास फुटांवरून साधारण नवव्या हिश्श्यानं. आमच्या तालुक्यातल्या कुठल्या शाळेला एकोणपन्नास फुटांचं अंगण नाही? मुळाव्याला आहे, ढाणकीला आहे, बिटरगावला आहे. मुंबईतल्या चाळीत जागा नसेल. तिथल्या अडचणीवरचा उपाय इथल्या मोकळ्या मैदानात आणून मिरवायचं कारण काय? चोवीस फूट चालायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

लोकांची नजरही बिघडली आहे. फोनमध्ये २०१९ च्या सुमारास अल्ट्रावाइड सर्रास आली. पाच माणसं एका हाताच्या अंतरावर, टोकाच्या दोघांची कपाळं ताणलेली, आणि सगळ्यांना ते चालू लागलं. ग्राहक येतो आणि म्हणतो, “भाऊ, समदे आले पाह्यजे, मंडपबी आला पाह्यजे.” ग्राहकाचा राग येत नाही. त्याला मंडपाचे पैसे दिलेले दिसतात, तो ते फोटोत मागणारच. राग येतो तो ‘हो’ म्हणून पुढे सरकणाऱ्या फोटोग्राफरचा. ‘समदे येतील, मी मागे जातो, तुम्ही त्या खुर्च्या हटवा’ एवढं बोलायला तोंड उघडत नाही. हॉटेलवाला शिळं वाढत नाही कारण ग्राहक चिडेल. आमचा माणूस वाकडे चेहरे वाढतो कारण ग्राहक चिडत नाही.

आणि ‘३० म्हणजे फारशी वाइड नाही’ असं जे म्हणतात त्यांना एक गोष्ट ऐकवतो. हॅसलब्लॅडनं १९५४ मध्ये, पुढे सुपरवाइड म्हणून ओळखला गेलेला कॅमेरा काढला. त्याच्यावर झाइसची ३८ मिलिमीटरची बायोगॉन लेन्स कायमची बसवलेली होती. लुडविग बेर्टेले यांनी रचलेली. पुढची पन्नासेक वर्षं जगभरचे वास्तुछायाचित्रकार त्या एका लेन्सवर जीव टाकत होते. मीडियम फॉरमॅटमधली रुंदी म्हटली की तिचंच नाव निघायचं. सहा बाय सहाच्या चौकटीवर ती दहा फुटांवरून पावणेपंधरा फूट दाखवायची. आजच्या ४४ बाय ३३ च्या सेन्सरवर ३० ची लेन्स दाखवते साडेचौदाहून थोडं जास्त. म्हणजे ज्या रुंदीला अर्धशतक ‘सुपर’ म्हटलं गेलं, ती रुंदी दुकानातला पोरगा आज ‘बेसिक’ म्हणून बाजूला सारतो. फुजीनं २०२५ मध्ये जीएफएक्स १००आरएफ काढला. त्याची लेन्स निघत नाही, कॅमेऱ्याचाच भाग आहे. एकच लेन्स द्यायची वेळ आली तेव्हा कंपनीनं ३५ दिली. २३ दिली नाही, २० तर नाहीच. विकताना २० मिलिमीटरपासूनचे आकडे पुढे करायचे, आणि एकाच लेन्सवर माणसाला आयुष्य काढायला लावायचं तेव्हा ३५ द्यायची. यातलं खरं मत कोणतं ते वाचकानं ठरवावं.

आता जे सगळ्यात जास्त खुपतं ते.

यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशाला माहीत झालं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. २००६ च्या जून-जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, आणि मागोमाग कॅमेरे आले. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथली माणसं गेली, तेव्हा पुन्हा आले. यायलाच हवेत, न येणं जास्त वाईट. पण येताना कुठली लेन्स लावून येता हे मी बघितलेलं आहे. अशाच एका पाहुण्या फोटोग्राफरसोबत वाट दाखवायला मी गेलो होतो. दहा बाय दहाची खोली. नवरा जाऊन महिना झालेला. बाई दारासमोर, आत बसलेली. त्या खोलीत काय नव्हतं! भिंतीवर देव, फळीवर घासून लख्ख केलेले पितळी डबे, तुरीचं अर्धं पोतं, पोराचं दप्तर, दोरीवर वाळत टाकलेला शाळेचा सदरा. त्या बाईनं तशा दिवसांतही घर आवरून ठेवलेलं होतं. पाहुणा समोरच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसला, सगळ्यात रुंद लेन्स लावली आणि बाईला चौकटीच्या टोकाला ठेवून फोटो काढला. मग मधे उरली नुसती जमीन. सारवलेली, रिकामी, पंधरा-वीस फूट वाटावी अशी. डबे ठिपक्याएवढे, दप्तर ओळखू न येणारं, समोरची भिंत कुठेतरी लांब. बाईचा हात कोपरापासून ताणलेला, चेहरा एका बाजूला सुटलेला. शहरात तो फोटो मोठा करून लागला. लोकांनी त्यात भयाण पोकळी बघितली. ती पोकळी त्या घरात नव्हती, लेन्समध्ये होती. एक प्रत माझ्याकडे आली, मी ती बाईंना नेऊन दिली. त्यांनी बघितली, उलटी केली आणि माझ्या हातात परत ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या खोलीत दारात बसून, समोरच्या भिंतीपासून नऊ फुटांवरून, ४५ च्या लेन्सनं पावणेनऊ फूट आलं असतं. बाई मधे, मागे फळी, डबे, दप्तर. दुःखही आलं असतं आणि तिचं घरही. पण त्यासाठी बाईच्या समोर बसावं लागलं असतं, तिच्या डोळ्यांत बघून. कोपऱ्यात पाठ टेकून ते होत नाही. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो लोकांना आठवतात ते त्यातल्या माणसांमुळे. आमच्या जिल्ह्यातल्या किती फोटोंतली माणसं आठवतात? जमीन आठवते, भेगा आठवतात, आभाळ आठवतं.

मी रुंद लेन्सचा शत्रू नाही. जिथे मागे सरकायला जागा नाही आणि काठावर माणूस नाही, तिथे ती हवीच. हेमाडपंती देवळाचा मंडप, माहूरची पांडवलेणी, जुन्या वाड्याचा चौक. दगडाच्या खांबाला गाल नसतो. तिथे २३ लावा, २० लावा, माझी हरकत नाही. पण तिथेही एक रोग आहे: शिखर मावत नाही म्हणून कॅमेरा वर करायचा. मग देऊळ मागे कलंडतं, खांब एकमेकांवर पडायला येतात. गवंड्याला पाणसळ कळते, फोटोग्राफरला कळू नये? कॅमेरा पाणसळीत ठेवा. ३० ची लेन्स उभी धरा, शिखर वरच्या अर्ध्यात येऊ द्या, खालची रिकामी फरशी नंतर कापा. एवढा मोठा सेन्सर आहे, कापायचंच असेल तर इथे कापा. ज्याचं कामच देवळं आणि वाडे आहे, त्यानं शिफ्ट लेन्स घ्यावी, म्हणजे कॅमेरा न कलवता लेन्सच वर सरकवता येते. फुजीची ३० ची टिल्ट-शिफ्ट २०२३ मध्ये आली. वजन एक किलो ३४० ग्रॅम, किंमत जड. कॅननच्या १७ आणि (दुसऱ्या आवृत्तीच्या) २४ च्या शिफ्ट लेन्स ६७ मिलिमीटरचं प्रतिमेचं वर्तुळ टाकतात आणि या सेन्सरचा कर्ण ५५ आहे, म्हणजे अॅडॉप्टर लावून त्या इथे सरकवताही येतात. हा अभ्यास करून घेतलेला निर्णय असतो. ‘सगळ्यात वाइड कुठली?’ या प्रश्नाला अभ्यास लागत नाही.

निसर्गाच्या फोटोंतही हीच हाव. पावसाळ्यात पैनगंगा भरली की सहस्रकुंडावर गर्दी होते. अलीकडे आमचा उमरखेड तालुका, पलीकडे नांदेड जिल्हा, मधे काळा कातळ आणि त्यावरून फुटणाऱ्या धारा. जो येतो तो वाइड लावतो. दीडशे फुटांवर उभे आहात असं धरा आणि धबधब्याची उंची चाळीस फूट धरा. २३ च्या लेन्समध्ये उभ्या बाजूला सुमारे दोनशे पंधरा फूट मावतं. म्हणजे धबधबा चौकटीच्या पाचव्या हिश्श्याहून लहान. बाकी सगळं आभाळ आणि दगड. ज्या पाण्याचा आवाज छातीत बसतो, ते फोटोत सांडलेल्या दुधाच्या रेघेएवढं. त्यावर पोलरायझर फिल्टर चढवला की आभाळ मधे गडद आणि कडांना फिकट, कारण एवढ्या रुंद कोनात आभाळाचा प्रकाशच एकसारखा नसतो. तिथे ४५ लावा, ६३ लावा. कातळावरचं पाणी कुठल्या चिरेतून कसं फुटतं ते दिसेल.

वजनाचंही बघा. २३ ची लेन्स ८४५ ग्रॅम, तिला ८२ चा फिल्टर. ३० ची ५१० ग्रॅम, फिल्टर ५८ चा. ४५ ची ४९०. मोटरसायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या माणसाला दिवसअखेर हा फरक खांद्यात कळतो, आणि ८२ च्या एका चांगल्या फिल्टरच्या पैशांत ५८ चे दोन येतात.

माझं मत स्पष्ट आहे. या सेन्सरवर माणसांसाठी पहिली लेन्स ४५. ती घेऊन वर्षभर काम करा. भिंतीला पाठ लागून जागा अपुरी पडण्याचे प्रसंग वहीत लिहून ठेवा. ते खरोखर पुष्कळ निघाले तर ३० घ्या आणि माणसाला काठावर ठेवू नका. २३ आणि २०-३५ चा झूम इमारतींसाठी. तेवढी इमारतींची कामं येत असतील तरच. हॅसलब्लॅडवाल्यांनीही हेच: ४५ पी ३२० ग्रॅमची आहे, तिच्यापासून सुरुवात करा, २१ वर उडी मारू नका. शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांनाही सांगतो, फोटोग्राफर ठरवताना कॅमेऱ्याचं नाव विचारू नका. तो मैदान मोजतो का, एवढं बघा.

आणि ज्यांना हे सगळं पटत नाही, ज्यांची त्या रुंद लेन्सचे पैसे भरायची तयारी झालेलीच आहे, त्यांना एक विनंती. ती लेन्स एक दिवस भाड्यानं आणा. आपल्या आईला, नाहीतर घरच्या कुणाही माणसाला, ग्रुपच्या अगदी टोकाला उभं करून फोटो काढा. मोठा प्रिंट करा. तो प्रिंट त्या माणसाच्या हातात द्या, समोर उभे राहा, आणि मग दुकानात जा.